गाठीमागे दोन आणे

वर्धा शहराला लागून असलेले बोरगाव मेघे जनगणनेच्या हिशेबात शहर आहे आणि कारभाराच्या हिशेबात ग्रामपंचायत. पिपरी मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे ही शेजारची गावेही अशीच शहराच्या कडेला वाढलेली. ले-आउट पडले, घरे झाली, तरी वस्ती संपली की काळी जमीन सुरू होते. खरिपात त्या जमिनीवर मुख्यतः तीन पिके दिसतात: पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तिच्यात ओळीने घातलेली तूर आणि बाजूच्या तुकड्यात सोयाबीन. वर्धा जिल्ह्याच्या कोरडवाहू शेतीचे हे नेहमीचे रूप आहे.

असे एक शेत डोळ्यांसमोर ठेवू आणि त्याचा हिशेब उलट्या दिशेने लावू. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, वेचणी यांवर किती गेले हे शेतकऱ्याला तोंडपाठ असते. पण त्या बियाण्याच्या मागे कुणाचे तरी आठ-दहा वर्षांचे काम उभे असते. त्या कामाचा पगार कुणी दिला, प्रयोगाची जमीन कुणाची होती, पैसा कुठल्या तिजोरीतून आला? कृषी केंद्राच्या काउंटरवर हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तर उत्तर देणाराही तिथे नसतो.

सोयाबीनपासून सुरुवात करू, कारण तिचा माग सर्वांत सोपा. विदर्भात सोयाबीनचा पेरा वाढला तो मुख्यतः १९९० नंतर, आणि त्या वाढीला ज्या वाणाने बळ दिले तो जेएस-३३५. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाने तो १९९४ मध्ये दिला. म्हणजे पैसा मध्य प्रदेश सरकारचा आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, आणि त्याचे पीक निघाले वर्धा, यवतमाळ, अमरावतीत. पुढे अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून आपल्या हवामानाचे वाण आले, तरी अनेक वर्षे वर्ध्याच्या शेतकऱ्याने शेजारच्या राज्याच्या संशोधनावर पीक घेतले. अर्थशास्त्रज्ञ याला संशोधनाचा ओसंडून जाणारा लाभ म्हणतात. महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकात या लाभाची नोंद नाही आणि मध्य प्रदेशाच्याही नाही.

तुरीचा माग आणखी लांब जातो. मर आणि वांझ या दोन रोगांनी तुरीची शेतेच्या शेते बसत असत. त्या रोगांना तोंड देणारे वाण जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या केंद्राने, अकोल्याच्या विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने दिले. इक्रिसॅट १९७२ ची. तिला जगभरातील सरकारे आणि देणगीदार संस्था पैसा पुरवतात. बोरगावच्या पऱ्हाटीत उभ्या असलेल्या तुरीच्या ओळीमागे अशा रीतीने युरोप-अमेरिकेच्या करदात्याचेही काही पैसे असू शकतात.

कपाशीचा माग मात्र मध्येच तुटतो. बॅगेवर कंपनीचे नाव असते. आतल्या संकरित वाणाचे पालक कोणते, त्यांतला कुठला सरकारी संशोधनातून आला, कंपनीने स्वतः त्यावर किती खर्च केला, हे बॅगेवर नसते आणि कुठल्याही सार्वजनिक वहीत सहज सापडत नाही. आणि हे या जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक आहे.

कपाशीचा माग नेहमीच असा तुटलेला नव्हता. एक काळ असा होता की कापसाच्या प्रत्येक गाठीमागे संशोधनासाठी किती पैसे गेले हे कायद्यात लिहिलेले होते. माझ्या मते भारतातल्या शेती संशोधनाच्या हिशेबाचे ते सर्वांत स्वच्छ पान आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. वर्धा जिल्हा त्याच धामधुमीत, १८६२ मध्ये, नागपुरातून वेगळा झाला. रिव्हेट-कारनॅक नावाचे कापूस आयुक्त मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी नेमले गेले. हिंगणघाटचा कापूस तेव्हा त्याच्या धाग्यासाठी नावाजलेला होता. पण सरकारचा रस कापूस बाहेर नेण्यात होता: रेल्वे, जिनिंग, प्रेसिंग, गाठी. कापूस सुधारायला नियमित पैसा हवा, तो कुणी द्यायचा, याचे उत्तर मिळायला पुढे अर्धे शतक गेले.

१९१७-१८ मध्ये भारतीय कापूस समिती बसली. तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२३ मध्ये कापूस उपकराचा कायदा झाला. देशात पिकलेल्या कापसाची ४०० पौंडांची गाठ निर्यात झाली किंवा देशातल्या गिरणीत वापरली गेली, की तिच्यावर उपकर. सुरुवातीला गाठीमागे चार आणे, नंतर दोन आणे. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे दोन आण्यांच्या दराने आठ गाठींमागे एक रुपया. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नसे. तो कमिटीकडे जाई आणि कापसाच्याच कामाला लागे. कमिटीत कृषी खात्याचे अधिकारी, व्यापारी, गिरणीमालक यांच्या बरोबरीने कापूस पिकवणाऱ्यांचे प्रतिनिधीही होते, त्यांत मध्य प्रांत-वऱ्हाडचेही.

उपकर भरणारा कागदावर निर्यातदार किंवा गिरणीमालक होता. पण व्यापारात असा कर शेवटी भावातून शेतकऱ्याच्या अंगावर येतो. तेव्हा बाजारात कापूस घालणाऱ्या वर्ध्याच्या शेतकऱ्याने गाठीमागे दोन आणे संशोधनाला दिले असे म्हणणे योग्य आहे. त्या पैशातून काय झाले तेही दाखवता येते. १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा निघाली. नव्या वाणाचा धागा किती लांब, किती मजबूत, गिरणीत तो कसा चालतो, हे गिरणीमालकाच्या शब्दावर न सोडता मोजायची सोय तिने केली. ती संस्था आज सिरकॉट नावाने चालू आहे. त्याच वर्षी इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. तिला कमिटीचा पैसा होता आणि मध्य भारतातल्या संस्थानांचाही. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड कापसाच्या पैशावर कापसासाठी काम करत होते, पण रोपाचे आरोग्य मातीत असते असे त्यांचे मत होते. म्हणून ते काडीकचरा, शेण आणि मातीकडे वळले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवलेली खत कुजवण्याची पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. दोघांचे त्यावरचे पुस्तक १९३१ मध्ये आले. १९३५ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून या पद्धतीची माहिती वाचकांना दिली. गांधीजी त्या सुमारास वर्ध्यातल्या मगनवाडीत राहायला आले होते आणि अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तिथे सुरू झाले होते. कापसाच्या गाठीवरचे दोन आणे असे फिरून कंपोस्टच्या रूपाने वर्ध्याच्या दारात आले. संशोधनावरच्या खर्चाचा हा एक गुण लक्षात ठेवावा लागतो: पैसा ज्या रकान्यात टाकला त्याच रकान्यातून फळ मिळेल असे नसते. म्हणून एकेका योजनेचा वेगळा नफा-तोटा मांडणारे बहुतेक वेळा चुकतात आणि दीर्घकाळाचा एकूण हिशेब लावणारे खरे चित्र पाहतात.

१९६० च्या दशकात चित्र पालटले. पिकांच्या अशा अनेक स्वतंत्र समित्या होत्या आणि त्यांचे काम एकमेकांत गुंतत होते. शेती संशोधनाची पाहणी करणाऱ्या पार्कर समितीनंतर १९६५-६६ मध्ये फेररचना झाली, या समित्या बंद झाल्या आणि त्यांच्या संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेल्या. परिषद १९२९ ची. एका छत्राखाली आल्यावर शास्त्रज्ञांना एकमेकांचे काम दिसू लागले, सर्व देशासाठी समन्वित कापूस सुधार प्रकल्प निघाला आणि १९७६ मध्ये नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली. त्याआधी, १९६९ मध्ये, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ झाले होते. वर्ध्याचा शेतकरी आता अशा जागी आहे की हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर एका बाजूला नागपूरची संस्था आणि दुसऱ्या बाजूला अकोल्याचे विद्यापीठ. सेलसुऱ्याला त्याच विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि मध्य विदर्भ विभागाचे संशोधन केंद्र यवतमाळला.

संस्था वाढल्या, ही मोठी गोष्ट झाली. पण गाठ आणि आणे यांचा दुवा तुटला. पैसा सर्वसाधारण अंदाजपत्रकातून येऊ लागला आणि कापसाला किती, संत्र्याला किती, कोरडवाहूला किती हे बाहेरच्या माणसाला दिसेनासे झाले. शेतमालाच्या निर्यातीवरचा एक उपकर १९४० पासून परिषदेसाठी होता, तोही २००६ मध्ये रद्द झाला. बाजार समितीत आजही सेस घेतला जातो. मात्र तो बाजाराच्या सोयींसाठी असतो. संशोधनाशी त्याचा संबंध नाही.

शेती संशोधनावर कोण किती खर्च करते हा प्रश्न भारतापुरता नाही. १९८० च्या दशकापर्यंत विकसनशील देशांबद्दल याची विश्वासार्ह आकडेवारी जवळपास नव्हतीच. मदत देणारे देश आणि जागतिक बँक कोट्यवधी डॉलर देत, आणि देश मुळात स्वतःचे किती घालतो हे कुणाला सांगता येत नसे. हेगच्या इस्नार या संस्थेत फिलिप पार्डी आणि योहानेस रोझबूम यांनी दीडशेच्या आसपास देशांची शेती संशोधन यंत्रणा एकत्र मांडली आणि १९८९ मध्ये ती आकडेवारी प्रसिद्ध केली. त्या कामातून पुढे वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेकडचा ‘अस्टी’ हा उपक्रम उभा राहिला.

या उपक्रमाची पद्धत समजून घ्यावी, कारण खरी अडचण तिथे कळते. प्रत्येक संस्थेला एक प्रपत्र जाते. पैसा कुठून आला: सरकार, देणगीदार, पिकावरचा उपकर की स्वतःची विक्री? कुठे गेला: पगार, चालू खर्च की इमारती-यंत्रे? माणसे किती, शिक्षण काय, वय काय, त्यांत स्त्रिया किती, कुठल्या पिकावर काम? माणसे मोजताना नुसती डोकी मोजत नाहीत. अकोल्याचा एखादा प्राध्यापक सकाळी वर्गात शिकवतो, दुपारी विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासतो, मेळावा असेल तेव्हा शेतकऱ्यांपुढे बोलतो आणि उरलेला वेळ प्रयोगाच्या वाफ्यात असतो. वेळेचा एक तृतीयांश भाग संशोधनाला जात असेल तर तो एक तृतीयांश संशोधक मोजायचा. तीन असे प्राध्यापक मिळून एक पूर्णवेळ संशोधक. भारताच्या बाबतीत हा आकडा बारा हजारांच्या आसपास निघाला होता. एवढ्या मोठ्या देशाच्या, एवढ्या पिकांच्या आणि हवामानांच्या मानाने तो फार नाही.

रुपये मोजतानाही असाच विचार लागतो. महागाई वजा करावी लागते. मग नायजेरिया, ब्राझील, भारत यांची तुलना करायची तर बाजारातला विनिमय दर चालत नाही, कारण संशोधनाचा मोठा भाग मजुरी आणि पगार असतो आणि ते त्या त्या देशाच्या भावाने दिले जातात. म्हणून तिथे काय किती विकत घेता येते हे धरून आकडे बदलले जातात. आणि शेवटी एक गुणोत्तर काढतात: शेतीतून निर्माण होणाऱ्या दर १०० रुपयांमागे संशोधनावर किती? आंतरराष्ट्रीय मंचांवर किमान १ रुपया हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे मांडले जाते. १९७३ मध्ये एम्ब्रापा ही संस्था काढणाऱ्या ब्राझीलने दीड रुपया ओलांडला. भारताचा सार्वजनिक खर्च ३० पैशांच्या आसपास राहिला आहे.

तीस पैसे. हा आकडा वाचून कुणी म्हणेल की आपला देश मोठा आहे, मोठ्या देशात एकाच वाणाचा उपयोग लाखो हेक्टरवर होतो, म्हणून गुणोत्तर कमी असले तरी चालते. यात तथ्य आहे, पण थोडेच. पंजाबातला ओलिताचा गहू एका वाणावर चालेल. वर्धा, यवतमाळची जमीन दर काही मैलांवर बदलते. बरड, मध्यम, भारी काळी. पाऊस जून-जुलैत खंड पाडतो आणि सप्टेंबरात पुरे करतो. कोरडवाहू शेतीला संशोधन अधिक लागते आणि ते जागेवर करावे लागते. मोठ्या देशाचा फायदा ओलिताच्या पिकांना मिळतो, पऱ्हाटी-तुरीला नाही.

आणि या पैशाचा परतावा कमी असता तर गोष्ट वेगळी. १९५८ मध्ये झ्वी ग्रिलिकेस यांनी अमेरिकेतल्या संकरित मक्याचा हिशेब मांडला आणि दाखवले की संशोधनावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला वर्षाला किमान ७ डॉलरचा लाभ झाला. मका हे निवडक यशाचे उदाहरण म्हणून सोडून देऊ. पुढच्या चार दशकांतले जगभरचे असे अभ्यास २००० मध्ये एकत्र केले गेले. १,८०० हून अधिक अंदाजांतून मधला परतावा वर्षाला ४० टक्क्यांच्या वर निघाला. भारताबद्दलचा सर्वांत बोलका अभ्यास शेंगेन फॅन, पीटर हेझेल आणि सुखदेव थोरात यांचा, १९९९ चा. थोरात अमरावती जिल्ह्यातले. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. सिंचन, रस्ते, शिक्षण, वीज, संशोधन अशा खर्चांतून शेतीचे उत्पादन कशाने किती वाढते याची त्यांनी तुलना केली. संशोधनावरच्या एका रुपयामागे सुमारे १३ रुपये आले, आणि तो आकडा सर्वांत वरचा होता. गरिबी कमी करण्यात रस्ते पहिले आणि संशोधन दुसरे.

आता २०२५-२६ चे केंद्रीय अंदाजपत्रक पाहा. कृषी संशोधन आणि शिक्षण विभागाला सुमारे १०,४६६ कोटी रुपये. त्याच अंदाजपत्रकात खतांच्या अनुदानाला सुमारे १ लाख ६७ हजार कोटी. खत स्वस्त मिळाले पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण सोळा पटींचा हा फरक सांगतो की आपण शेतकऱ्याच्या यंदाच्या हंगामाचा विचार करतो आणि दहा वर्षांनंतरच्या हंगामाचा करत नाही. संशोधनाचे दुर्दैव असे की त्यावरचा पैसा कापला तर त्या वर्षी कुणालाच काही जाणवत नाही. वाण निघायला आठ-दहा वर्षे, पसरायला आणखी चार-पाच. आज थांबवलेल्या प्रयोगाची किंमत मोजणारा शेतकरी आज शाळेत शिकतो आहे.

दहा हजार कोटींच्या आत शिरल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. यातला मोठा भाग पगार आणि निवृत्तिवेतनाचा आहे. शास्त्रज्ञाला चांगला पगार हवाच. पण वेतन आयोग लागू झाला की संशोधनावरचा खर्च कागदावर वाढतो आणि शेतात एकही प्रयोग वाढत नाही. खर्चाचा आलेख वर गेलेला पाहून समाधान मानणाऱ्याची इथे फसगत होते. म्हणून पगार वेगळा आणि चालू खर्च वेगळा मोजावा लागतो. चालू खर्च म्हणजे रसायने, डिझेल, प्रवास, नमुने गोळा करणारे मजूर. गुलाबी बोंडअळी कुठल्या तालुक्यात किती आली हे पाहायला माणसाला गाडीने तालुक्यात जावे लागते. राज्याच्या कृषी विद्यापीठांत वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने पदे रिक्त आहेत. तिथे तर पगारही वाचतो आणि कामही.

बाहेरच्या कर्जातून येणारा पैसा वेगळाच त्रास देतो. १९७९ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि हवामानानुसार विभागीय केंद्रे बळकट झाली. तो विचार उत्तम होता. नंतर १९९८ चा प्रकल्प, २००६ चा प्रकल्प. प्रत्येक वेळी काही वर्षे यंत्रे, गाड्या, सहायक, आणि प्रकल्प संपला की यंत्रांच्या देखभालीला पैसा नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांत अस्टीच्या आकड्यांनी हाच चढउतार अधिक तीव्र दाखवला आहे: देणगीदार आले की खर्च दुप्पट, गेले की निम्मा. झाडांच्या पिढ्या मोजणारे काम असे तोडून-तोडून होत नाही.

आता कपाशीच्या बॅगेकडे पुन्हा येऊ. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००५ च्या सुमारास ४५० ग्रॅमच्या बॅगेची किंमत १,६०० रुपयांच्या वर होती आणि त्यातले सुमारे १,२५० रुपये जनुकाच्या मालकीचे शुल्क होते. आंध्र प्रदेश सरकारने वाद उभा केल्यावर २००६ मध्ये भाव ७५० वर आला. पुढे केंद्राने दर ठरवायला घेतले. बोलगार्ड-२ या पुढच्या बीटी तंत्राचे शुल्क २०१६ मध्ये ४९ रुपये, मग ३९, मग २०, आणि २०२० मध्ये शून्य झाले.

या शुल्काकडे उपकर म्हणून पाहा. कापूस पिकवणारा शेतकरी १९२३ नंतर गाठीमागे संशोधनाला पैसे देत होता आणि २००२ नंतर बॅगेमागे देत होता. दुसऱ्या वेळी रक्कम कितीतरी मोठी होती. पण कमिटीत त्याचा प्रतिनिधी नव्हता, कारण कमिटीच नव्हती, आणि त्यातले किती पुढच्या संशोधनाला गेले याचा अहवाल त्याला कुणी दिला नाही. २०१७ मध्ये बोलगार्ड-२ ला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडे पोखरली, तेव्हा बॅगेमागे भरलेल्या त्या पैशातून प्रतिकाराची तयारी का झाली नाही, हे विचारायला जागा नव्हती.

खासगी संशोधनाला नाकारायचे कारण नाही. जालन्याच्या महिकोने १९६४ पासून बियाण्याच्या क्षेत्रात केलेले काम मोठे आहे, आणि तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण खासगी पैसा तिथेच जाणार जिथे बियाणे दरवर्षी विकले जाते. सरकी राखून पुन्हा पेरता येईल असा सरळ वाण, परभणीच्या आणि अकोल्याच्या देशी कपाशीच्या जाती, कमी खर्चाची लागवड, जमिनीचा कस, यांवर कंपनी पैसा घालणार नाही. ते सार्वजनिक पैशाचे काम आहे. त्यातही अपयश येते, हे लपवू नये. सार्वजनिक संस्थांनी तयार केलेली ‘बिकानेरी नरमा’ ही बीटी कपाशी २००९ मध्ये बाजारात आली आणि तिच्यात खासगी जनुक आढळल्याच्या वादात थांबली. पण हे अपयश आपल्याला कळले, चौकशी झाली, अहवाल लोकांपुढे आला. पैसा सार्वजनिक असल्याचा तो फायदा.

मोजणीच्या बाहेर राहणारे आणखी पुष्कळ आहे. मगनवाडीत घाणी, चरखा, मधमाशी, गुऱ्हाळ यांवर १९३० च्या दशकापासून प्रयोग झाले. त्याच परंपरेतली आजची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था लघुउद्योग मंत्रालयाकडे आहे, म्हणून तिथे शेतमालाच्या प्रक्रियेवर झालेले काम शेती संशोधनाच्या आकड्यात येत नाही. धरामित्रसारख्या वर्ध्यातल्या संस्थांनी सेंद्रिय शेतीवर जे काम केले तेही नाही. आणि चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे? तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याने १९८३ मध्ये आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या धानाच्या लोंब्या निवडल्या, वर्षामागून वर्षे पेरून पाहिल्या आणि एचएमटी हा वाण उभा केला. तो अनेक राज्यांत पसरला. अकोल्याच्या विद्यापीठाने १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी दिला. दादाजींच्या बांधीतल्या त्या वर्षांचा खर्च कुठल्याही रकान्यात नाही. ते २०१८ मध्ये गेले. ज्या देशात असे संशोधन होते तिथे त्याला मोजण्याची तऱ्हा शोधणे हेही शास्त्रच आहे, आणि ते अजून झालेले नाही.

वाचकाने यात काय करावे? कृषी संशोधन विभागाच्या खर्चाच्या मागण्या दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर प्रसिद्ध होतात, मागणी क्रमांक २. विद्यापीठांची अंदाजपत्रके आणि वार्षिक अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. जे त्यांत नाही ते २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागता येते. बोरगाव मेघे, सेलसुरा, देवळी आणि हिंगणघाट तालुक्यांतली गावे, कुठल्याही ग्रामसभेने ठराव करून विद्यापीठाला आणि नागपूरच्या संस्थेला इतके विचारावे: गेल्या पाच वर्षांत कोरडवाहू कपाशी, तूर आणि सोयाबीनवर पगार सोडून किती रुपये खर्च झाले, त्यातले किती प्रयोग वर्धा जिल्ह्याच्या जमिनीवर झाले, आणि या पिकांवर काम करणाऱ्या किती पदांवर आज माणूस नाही? आलेले उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि पुढच्या वर्षी हेच प्रश्न पुन्हा विचारा.